अर्धं सूत

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
सोमवारी मी कोपरापर्यंत हात धुतो,
राख लावतो, पुन्हा धुतो,
तरी नखांच्या कडेला ऑइल राहतंच.
म्हणून लिफाफे चिमट्यानं धरतो.

एकशे बारा आहेत.
पलटणींचे, रणगाड्यांचे, एका बुडालेल्या जहाजाचा,
तिकिटावर त्या दिवसाचा शिक्का,
आणि शिक्क्याला धक्का न लावता, जरा खाली,
जो तिथं होता त्याची सही.
हेड पोस्टातला शेडबाळे माझ्यासाठी
पॅडवर नवी शाई घालतो. चहा माझ्याकडं.

बायको म्हणते, आत पत्र नाही, काही नाही,
रिकाम्या पाकिटांना कशाला जपायचं एवढं?
खरंय. आत नुसता पुठ्ठा,
वाकू नये म्हणून.

लेफ्टनंट कर्नल सरनोबत, नागाळा पार्क.
एकाहत्तरच्या डिसेंबरात
एक पूल त्यांनी तीन रात्री धरला होता.
सही मराठीत करायचे. माझ्याकडं तीन:
दोन जुन्या, पलटणीच्या मेळाव्यात उभ्या उभ्या घेतलेल्या,
तिसरी ह्या मार्गशीर्षात, पोस्टानं आलेली.

लेथवर बत्तीस वर्षं काढलीत मी.
माप डोळ्यात बसतं, ते मग निघत नाही.
जुन्या सह्यांत 'स'ची गाठ दाबलेली,
बूट घालता घालता केल्यासारखी.
तिसरीत ती गोल. सावकाश.
फरक म्हणाल तर अर्धं सूत.
जॉब रिजेक्ट व्हायला तेवढा पुरतो.

बाईंनी दार उघडलं.
तिन्ही लिफाफे मी टीपॉयवर मांडले, बोललो नाही.
त्यांनी चष्मा शोधला नाही,
तिथंच मला कळलं.
"बसा की," म्हणाल्या. "चहा टाकते."
मग कप खाली ठेवताना:
"सहा वर्षं झाली. उजवा हात गेला, वाचाही.
बँकेत अंगठा देतात.
पण लोक लांबनं पाठवतात हो,
परतीचं तिकीट लावून.
कोरं कसं परत धाडायचं?"

व्हरांड्यात कर्नल बसलेले.
मांडीवर उजवा हात,
दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

"परत घेऊ का हे?"
मी म्हटलं, खाली तुमचं नाव घाला.
"मी कुठल्या पुलावर होते, मिस्त्री?"
हसल्या, आणि न विचारलेलंच सांगू लागल्या.
तार आली होती, बेपत्ता म्हणून.
सासऱ्यांनी घडी घालून ती फेट्यात ठेवली,
घरात कुणाला सांगितलं नाही.
"अकरा दिवस मी पत्रं टाकत होते,
रोज एक, पलटणीच्या पत्त्यावर.
हे घरी आले, आणि मागनं ती आली.
सगळी. न फोडलेली.
असतील कुठंतरी ट्रंकेत."

अकरा लिफाफे. डिसेंबर एकाहत्तर.
जाण्याचा शिक्का, परतीचा शिक्का,
आणि आत पत्र.
माझी जीभ टाळूला चिकटली.
विचारलं नाही.
चहावर साय धरली होती, ती बशीच्या कडेला लावली.

त्यांनी पेन घेतलं.
'वि' काढला आणि थांबल्या,
हाताला ही वाट ठाऊक नसल्यागत.
मग विजयमाला,
आणि पुढं सरनोबत, एका दमात,
त्याच गोल गाठीचा.

चपला घालताना कर्नल माझ्या हातांकडं बघत होते,
नखांकडं, बराच वेळ.
मी ते खिशात घातले नाहीत.

महाद्वार रोडचा गुजर भिंग लावून म्हणाला,
बनावट. वर बाईची खाडाखोड.
पन्नास देतो, ते पण तिकिटाचे.
मी लिफाफा उचलला,
आणि गल्लीच्या तोंडाशी आल्यावर लक्षात आलं,
चिमटा त्याच्याच काउंटरवर राहिला.

अल्बममध्ये हुद्द्यानं लावतो मी,
मग लढाईनं, मग सालानं.
हा अजून टेबलावर आहे.
कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा एक डाग,
पुसायला गेलो तर पसरेल.
उद्या मंगळवार, सातची शिफ्ट.